अंजीर कधी खावं, कसं खावं : खान्देशातल्या घरासाठी

आपल्या खान्देशी माणसाला फळ म्हटलं की आधी केळी आठवते. रावेर-यावलकडचा घड हिरवा आणि कडक असतानाच कापतात, रायपनिंग चेंबरमध्ये ठेवतात, आणि चार-पाच दिवसांनी तो पिवळाधमक होऊन दुकानात येतो. आंब्याचंही तसंच, पाडाचा आंबा अढीत घातला की पिकतो. हाच हिशेब आपण अंजिराला लावतो आणि फसतो. कडक अंजीर आणून तांदळाच्या डब्यात ठेवलं तर ते मऊ पडेल, थोडा रंगही बदलेल, पण गोड होणार नाही. झाडावरून तोडलं त्या घडीला त्यात जेवढी साखर भरलेली होती, तेवढीच शेवटपर्यंत राहते. म्हणून अंजीर झाडावरच पिकावं लागतं, आणि झाडावर पिकलेलं अंजीर दोन दिवसही धड टिकत नाही. अंजिराचा हंगाम, त्याची निवड, त्याचं खाणं, सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

अमळनेरला आमच्या परसात अंजिराचं एक झाड आहे, आणि बाजारातूनही दर हंगामात मी अंजीर आणतो. खाली जे लिहिलंय ते या दोन्हींतून हाती आलेलं आहे.

हंगाम दोन, आणि दोन्हींची चव वेगळी

महाराष्ट्रात ताजं अंजीर म्हणजे मुख्यतः पुरंदरचं. सासवड, दिवे, गुऱ्होळी, सोनोरी या भागातलं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मिळालं, त्यामुळे हे वर्ष माझ्या लक्षात राहिलंय. दुसरं जुनं ठिकाण दौलताबाद. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेलं की ते फार लांब नाही, आणि 'दिनकर' ही जात त्याच भागातून निवडलेली आहे.

बागायतदार अंजिराचे दोन बहार धरतात. पावसाळ्याच्या तोंडावर छाटणी करून धरलेला तो खट्टा बहार. त्याची फळं थंडीत, साधारण डिसेंबर-जानेवारीत येतात. पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटून धरलेला तो मीठा बहार. त्याची फळं फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत चालतात. नावातच सगळं आलं. खट्टा बहार ढगाळ आणि दमट हवेत वाढतो, म्हणून फळात पाणी जास्त, गोडी कमी आणि मागे हलकी आंबट चव. मीठा बहार कोरड्या हवेत, स्वच्छ उन्हात पिकतो. त्याचा गर दाट आणि गोड असतो.

म्हणजे सारंगखेड्याची यात्रा भरते तेव्हा गाडीवर जे अंजीर दिसतं ते खट्टं. ते वाईट नसतं, फक्त त्याची जागा कढईत आहे. नुसतं खायचं अंजीर म्हणजे होळीच्या आगेमागे आलेलं. मला विचाराल तर महाशिवरात्र ते गुढीपाडवा हा खरा काळ. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आंबा येतो, आणि मग अंजिराकडे कोणी फिरकत नाही.

गाडीवर उभं राहून काय बघायचं

पुणे ते जळगाव सुमारे ४०० किलोमीटर. काल पहाटे तोडलेलं अंजीर रात्रीच्या गाडीनं आज सकाळी आपल्या बाजारात येतं. याचा अर्थ ते आपल्यापर्यंत येतं तेव्हाच त्याचं अर्धं आयुष्य संपलेलं असतं. त्यामुळे सकाळी घ्या. दुपारी दोन वाजता उन्हात उभ्या गाडीवरचं अंजीर कितीही स्वस्त लावलं तरी नको. आमच्या बाजारात बसणाऱ्या मावशी माल हातात देतानाच बजावतात, "आजच खाई टाक, भाऊ." त्यांच्या त्या एका वाक्यात अंजिराचं सगळं शास्त्र आहे.

रंगावर फार जाऊ नका. आपलं पुणेरी अंजीर हिरवट-जांभळं ते तपकिरी असतं, आणि एकाच झाडावरची दोन फळं वेगळ्या रंगांची निघतात. त्यापेक्षा फळ तळहातावर घ्या. पिकलेलं अंजीर आकाराच्या मानानं जड लागतं. अंगठ्यानं अगदी हलकं दाबलं तर कानाच्या पाळीसारखं दबतं. देठाजवळची मान ताठ नसते, फळाच्या वजनानं थोडी कललेली असते. सालीवर बारीक उभ्या चिरा पडलेल्या असतील तर घाबरू नका, आतला गर फुगून साल ताणली गेल्याची ती खूण आहे. आता फळ उलटं करून तळाचा डोळा बघा. त्या बारीक भोकाशी मधासारखा एखादा थेंब चकाकत असेल तर ते फळ आधी उचला, कारण याहून जास्त पिकण्याची वेळ त्याच्यावर येणारच नाही. पण तोच डोळा ओघळत असेल, भोवती चिलटं असतील आणि आंबूस, दारूसारखा वास येत असेल, तर फळ आतून आंबायला लागलंय. त्याला हात लावू नका.

देठातून पांढरा चीक येत असेल तर फळ कच्चं तोडलेलं आहे. असं फळ खाल्लं की ओठ आणि जीभ चुरचुरते. त्या चिकात फिसिन नावाचं प्रथिनं फोडणारं द्रव्य असतं, त्याचा हा परिणाम. फळ पिकत जातं तसा चीक कमी होतो.

एका किलोत साधारण २० ते २५ फळं बसतात. चार माणसांच्या घराला एका वेळी अर्धा किलो पुष्कळ झालं. दोन दिवसांनी पुन्हा घ्या, पण साठवण्याच्या हिशेबानं घेऊ नका.

घरी आणल्यावर

पिशवीत एकावर एक दडपून आणलेली अंजिरं घरी येईस्तोवर चटणी होतात. मी बाजारात जाताना स्टीलचा पसरट डबा नेतो आणि त्यात एकच थर लावून घेतो. घरी आल्यावर धुवायची नाहीत. ओली साल रात्रीत बुरशी धरते. ताटात कागद पसरा, फळं एकमेकांना न चिकटतील अशी ठेवा, वरून झाकण न लावता फ्रिजमध्ये सरकवा. अशी तीन दिवस चांगली राहतात, चौथ्या दिवशी चव उतरते. मार्चनंतर आपल्याकडे फ्रिजबाहेर ठेवायचा विचारच करू नका.

खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा. थंडगार अंजिराला ना वास येतो ना गोडी लागते. धुवा, पुसा, देठ काढा आणि दोन्ही अंगठ्यांनी उभं फाडा. कापण्यापेक्षा फाडणं बरं, कारण आतला गर बघायला मिळतो. गुलाबी-लाल, ओलसर, पिवळसर बियांनी भरलेला गर म्हणजे उत्तम. काळपट डाग किंवा बुरशीचा जाळा दिसला तर टाकून द्या. फाडून बघितल्याशिवाय अंजीर तोंडात टाकू नये, ही आमच्या घरची शिस्त आहे, आणि लहान मुलांना देताना तर नक्कीच पाळावी.

अंजिरात किडा असतो का?

हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. शंका येते ती उंबरामुळे. शेताच्या बांधावरचं उंबर फोडलं की आतून केंबरं, म्हणजे बारीक गांधीलमाश्या, उडतात, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं आहे. अंजीर, उंबर, वड आणि पिंपळ हे सगळे एकाच कुळातले, एकाच प्रजातीतले सोयरे आहेत. आपण ज्याला फळ म्हणतो तो खरं तर फुलांनी आतून भरलेला बंद गोळा असतो. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण "उंबराचं फूल" म्हणतो ते यामुळेच. फूल असतंच, पण आत दडलेलं.

आता फरक. उंबराला फळ धरायला ती बारीक गांधीलमाशी आत शिरावी लागते. आपल्याकडचं पुणेरी अंजीर परागीकरणाशिवायच धरतं, त्याला माशी लागत नाही. तुर्कस्तानातल्या स्मर्ना प्रकारच्या अंजिराला मात्र माशी लागते, आणि सुकं अंजीर म्हणून तो प्रकार जगभर विकला जातो. माशी आत मेली तरी फळातलं फिसिन तिला बरंचसं विरघळवून टाकतं. दाताखाली जे कुरकुरतं त्या बिया असतात.

तरीही आपल्या भागातली अनेक जैन कुटुंबं अंजीर खात नाहीत. त्यांच्या परंपरेत वड-पिंपळ-उंबराच्या जातीची फळं वर्ज्य आहेत, आणि तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. पाहुण्यांसाठी अंजिराची बासुंदी करत असाल तर आधी विचारून घ्या.

नुसतं, लोण्याशी, तव्यावर

चांगल्या अंजिराला काहीही लागत नाही. पहिली चार फळं अशीच खावीत.

त्यानंतर सर्वांत आवडीचं म्हणजे दादर ज्वारीची गरम भाकरी, तिच्यावर घरचं लोणी आणि वर फाडलेलं अंजीर बोटानं पसरून. कळण्याच्या भाकरीशीही छान लागतं, कारण तिच्यातल्या उडदाची आणि मिठाची चव अंजिराची गोडी उचलून धरते. फळ थोडं फिकं निघालं तर तवा तापवा, अर्धा चमचा साजूक तूप सोडा आणि अर्धी केलेली अंजिरं गराकडून दोन मिनिटं टेकवा. कडेला तांबूस रंग आला की उतरवा. पाणी आटतं, साखर वर येते आणि बेताचं फळही खाण्याजोगं होतं.

दुधाचं मात्र एक सांभाळायचं. अंजिराच्या चिकानं दूध फाटतं. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत पूर्वापार चीजसाठी दूध फाडायला हा चीक वापरत आले आहेत. पूर्ण पिकलेल्या फळात तो फार नसतो, तरी अर्धकच्ची दोन फळं मिल्कशेकमध्ये पडली की दूध कडवट होतं. यावर सोपा उपाय म्हणजे फळ आधी शिजवणं. उष्णतेनं फिसिन निकामी होतं.

बासुंदी मी अशी करतो. एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवून निम्मं करायचं, कडेची साय परत परत आत ढकलायची. आठ पिकलेली अंजिरं सोलून, चिरून, दोन चमचे पाणी घालून दुसऱ्या भांड्यात सात-आठ मिनिटं शिजवायची, डावानं घोटायची आणि पूर्ण गार होऊ द्यायची. दुधात तीन चमचे साखर घालून तेही गार करायचं, मग दोन्ही एकत्र. वेलची अगदी चिमूटभर. केशर घालू नका, अंजिराचा स्वतःचा वास नाजूक असतो, तो मरतो.

खट्ट्या बहाराचा जॅम घरच्यांना इतका आवडतो की थंडीतली अंजिरं मी त्यासाठीच घेतो. एक किलो फळं, ६०० ग्रॅम साखर आणि दोन लिंबं. फळं चिरून साखरेत रात्रभर मुरवा. सकाळी जाड कढईत मंद आचेवर ४० मिनिटांच्या आसपास आटवा, शेवटच्या दहा मिनिटांत लिंबाचा रस घाला. लिंबू चवीपुरतं नाही. अंजिरात आंबटपणा मुळातच कमी असतो, आणि तेवढ्यावर जॅम टिकत नाही. फ्रिजमधली थंड बशी घेऊन तिच्यावर एक थेंब टाका आणि बोटानं मधोमध रेघ ओढा. रेघ मिटली नाही की गॅस बंद. कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा.

खान्देशच्या उन्हात वाळवताना

बाजारात दोऱ्यात ओवलेली सुकी अंजिरं येतात ती अफगाणिस्तानची. आपलं पुणेरी अंजीर वाळवलं तर तसं जाड, फिकट आणि मांसल होत नाही. ते काळसर, पातळ आणि चिवट होतं. हे आधीच मनाशी धरलं तर निराशा होणार नाही, कारण चवीला ते खरोखर चांगलं असतं. आणि वाळवणाला आपल्याइतकी योग्य हवा दुसरीकडे मिळणं अवघड. एप्रिलात पारा ४२-४३ वर, हवा कोरडी ठणठणीत, आणि गच्चीवर खाट टाकून बिबडे-पापड वाळत घातलेले असतातच. त्याच खाटेवर एक कोपरा अंजिराला द्या.

फळं पूर्ण पिकलेली पण फुटलेली नसावीत. धुऊन, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढा, त्यानं सालीवरची बुरशी-अंडी मरतात आणि सालही सैल होते. पुसून अर्धी करा. जाळीच्या ताटात गर वर करून मांडा, वरून जुनी मलमल ताणून चारही बाजूंनी दाबा, नाहीतर माश्या आणि मुंग्या सोडणार नाहीत. संध्याकाळी ताट घरात आणायलाच हवं. रात्रीचा ओलावा दिवसभराची मेहनत वाया घालवतो. दुसऱ्या दिवशी उलटवा. तीन ते पाच दिवसांत काम होतं. तुकडा दोन बोटांत पिळला तर रस येऊ नये, वाकवला तर तुटू नये, चामड्यासारखा लवचिक राहावा.

एवढ्यावर बरणी बंद केली की हमखास बुरशी येते, कारण काही तुकडे वरून कोरडे आणि आतून ओले राहतात. म्हणून काचेची बरणी दोन तृतीयांशच भरा, आठवडाभर रोज हलवा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दव दिसतंय का ते बघा. दव दिसलं तर पुन्हा एक दिवस ऊन. सगळं कोरडं राहिलं की दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून काढा, त्यानं अळीची अंडी मरतात. ताज्या फळात ७९ टक्के पाणी असतं, तेव्हा एका किलोतून हाती पाव किलोच्या आसपास सुकं उरतं.

पाणी गेलं की साखर घट्ट होते, हेही ध्यानात ठेवा. १०० ग्रॅम ताज्या अंजिरात साधारण १६ ग्रॅम साखर, सुक्यात ४८. तंतू ताज्यात जवळपास ३ ग्रॅम, सुक्यात १० च्या आसपास. रात्री दोन सुकी अंजिरं भिजवून सकाळी पाण्यासकट खाल्ली तर पोट साफ व्हायला मदत होते, हे खरं. पण "कॅल्शियमसाठी" म्हणून मूठभर खाण्यात अर्थ नाही. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा, कारण सुक्या अंजिरात साखरेबरोबर पोटॅशियमही भरपूर असतं.

परसात एक झाड

चारशे किलोमीटरची अडचण कायमची मिटवायची तर घरचं झाड हाच उपाय. मात्र इथे मी सुरुवातीला मोठी चूक केली. पुस्तकी हिशेबानं ऑक्टोबरच्या शेवटी छाटणी केली, फळं एप्रिलच्या मध्यात भरायला लागली, आणि सलग दोन वर्षं ती अर्धवट वाढून, वेळेआधीच मऊ होऊन, चामड्यासारखी निघाली. गर कोरडा, गोडी नाही. मी पाण्याला, खताला दोष देत बसलो. कारण उन्हाचं होतं. अंजिराचं झाड ४५ अंश सहज सोसतं, पण फळ वाढत असताना तापमान ३९ च्या वर गेलं की ते अकाली पिकतं. पुरंदरच्या पठारावर मे महिन्यापर्यंत अंजीर चालतं, तापीच्या खोऱ्यात नाही.

तेव्हापासून मी सप्टेंबरच्या मध्यालाच छाटतो. पाऊस ओसरला की पंधरा दिवस पाणी बंद, मग वाळक्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढायच्या, बाकीच्यांचे शेंडे एक तृतीयांश कमी करायचे. फळ नव्या फुटव्यावर येतं, म्हणून छाटायला कचरू नका. बुंध्याभोवती दोन पाट्या शेणखत आणि भरपूर पाणी. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पहिलं फळ मिळतं आणि मार्च संपायच्या आत झाड मोकळं होतं.

आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि अंजिराची मुळं त्यात कुजतात. म्हणून फूटभर उंच वरंबा करून, मुरूम मिसळून त्यावर लावा. घराच्या भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून दहा-बारा फूट लांब, मुळं फार दूर धावतात. फळ भरताना पाणी नेमानं द्या, आठ दिवस कोरडं ठेवून एकदम सोडलेलं पाणी फळं तडकवतं. बुंध्याशी केळीच्या वाळक्या पानांचा जाड थर टाकला की ओल टिकते. पावसाळ्यात पानांच्या खालून नारिंगी-तपकिरी भुकटी दिसली तर तो तांबेरा. गळलेली पानं गोळा करून लांब न्या, आणि एक टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारणी करा.

तोडणी पहाटे, देठासकट, हलका पीळ देऊन. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. या चिकानं आणि पानांच्या रसानं नुसती खाज सुटते असं नाही, तो लागलेल्या जागी नंतर ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि महिनाभर डाग राहतो. काम झालं की आधी साबणानं हात धुवा.

पोपट-बुलबुल दिवसा आणि वटवाघळं रात्री येतात. फळाचा रंग बदलायला लागला की जुन्या मलमलच्या छोट्या पिशव्या शिवून बांधा. वरच्या शेंड्याची आठ-दहा फळं मी तशीच उघडी सोडतो.

नवं झाड करायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांदीचे वीतभर तुकडे घ्या. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली घ्यावा. चीक वाळू द्यायला एक दिवस सावलीत ठेवा, मग वाळू-माती-शेणखताच्या पिशवीत दोन डोळे जमिनीत आणि दोन वर राहतील असे लावा. महिना-दीड महिन्यात पानं फुटतात. पण पानं फुटली म्हणजे मुळं धरली असं नव्हे, काडी ओढून बघायचा मोह टाळा. पहिला उन्हाळा रोप सावलीत काढू द्या आणि पाऊस लागला की वरंब्यावर लावा.